एका दिवसाची बॅग

सुरतेची गाडी संध्याकाळी पावणेसातची होती. दुपारी दोनलाच मालतीनं मधल्या खोलीत चादर अंथरली आणि तिच्यावर सगळं सामान मांडून ठेवलं. समुद्रावर काय काय न्यायचं याची यादी सुरतेहून भूमिकानं अश्विनीच्या मोबाइलवर पाठवली होती, आणि अश्विनी पलंगावर पालथी पडून ती मोठ्यानं वाचत होती. प्रत्येकी एक टॉवेल. एक जोड जास्तीचा. ओले कपडे परत आणायला प्लॅस्टिकच्या पिशव्या. रबरी चपला हव्यातच, कारण डुमसची वाळू काळी असते आणि ओहोटीला तिचा चिखल होतो. सतरंजी. आजीसाठी घडीची खुर्ची भूमिका स्वतः घेऊन येणार होती.

"आणि दराबा," अश्विनी म्हणाली. "ये तो उसने तीन बार लिखा है, मम्मी."

दराब्याचे, त्या रवा-तुपाच्या मिठाईचे, दोन डबे कालच घरात आले होते. मालतीनं ते फडक्यात बांधून बॅगेच्या तळाशी ठेवले, मग वाटेत खायच्या पुऱ्या आणि मिरचीचा ठेचा वर ठेवला, मग पुन्हा सगळं काढलं, कारण ठेच्याचं तेल टॉवेलला लागलं असतं. बॅग भरण्याची तिची ही रीतच होती. एकदा भरायची, मग उपसायची, मग खरी भरायची.

भूमिका म्हणजे मालतीच्या धाकट्या दिराची, निरंजनची, मुलगी. सहा वर्षांत तो आणि मालतीचा नवरा दिगंबर या दोघा भावांनी एकमेकांशी एक अक्षर काढलं नव्हतं, पण त्यांच्या या दोन मुली रोज बोलत होत्या. डुमसचा बेत त्यांचाच. त्यांनी तो आधी आजीला सांगितला, मग मालतीला, आणि सगळ्यांत शेवटी दिगंबरला. मालतीच्या सासू सोजरबाई शहात्तर वर्षांच्या झाल्या तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. सगळं आयुष्य तापीच्या काठी गेलं, शाहपुरात केळीच्या बागेत आणि मग इथं शहरात शनवाऱ्यात, आणि ही नदी जिथं संपते ती जागा माहीत नाही, हे भूमिकाला फार चमत्कारिक वाटत होतं. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी समुद्र, रविवारी परत. दिगंबरनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला सराव परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. नंतर स्वयंपाकघरात येऊन मालतीला म्हणाला, "ज्यानं बोलवायचं त्यानं बोलावलं नाही."

सोजरबाईंनी मात्र सकाळीच अश्विनीकडून माळ्यावरची निळी बॅग काढून घेतली होती. तिघींचं सामान एकाच बॅगेत मावतं असं मालतीनं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. आपली बॅग त्यांनी आपल्या खोलीत बसून भरली, चेन लावून घेतली आणि दाराआड ठेवली. मालतीला हसू आलं होतं. पहिल्यांदा सहलीला निघालेल्या पोरीसारखं चाललंय, असं ती अश्विनीला म्हणालीही.

यादी संपल्यावर तिला रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण झाली. दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून ती सासूच्या खोलीत गेली. सोजरबाई मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मालतीनं दाराआडची निळी बॅग पुढे ओढली. ती तिला वाटली त्याहून खूप जड निघाली.

वर स्वेटर होता. त्याखाली सहा लुगडी, सणावाराचं हिरव्या काठाचंसुद्धा. मग पातळ गोधडी. गोळ्यांची पाकिटं होती, कुणाच्या तरी हातून गुपचूप मागवलेली, दोन महिन्यांना पुरतील इतकी. कोपऱ्यात घामोळ्यांच्या पावडरीचा डबा होता. माघ महिना चालू होता, रात्री अजून पांघरूण लागत होतं, आणि सासूनं घामोळ्यांची पावडर बरोबर घेतली होती. मालती तो डबा हातात धरून तशीच बसून राहिली. मग तिनं एका लुगड्याची घडी चाचपली. आत काहीतरी टणक लागलं. सासऱ्यांच्या फोटोची फ्रेम होती, देवघराशेजारच्या भिंतीवरची. सकाळपासून मालती तीन वेळा तरी देवघरात गेली असेल, आणि भिंत मोकळी झालेली तिच्या ध्यानात आली नव्हती.

तिनं सगळं होतं तसं परत ठेवलं आणि चेन लावली. पण उठावंसं तिला वाटेना.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सगळे शाहपुरात राहत होते. पहिल्याच उन्हाळ्यात सगळं घर तापीच्या राजघाटावर एक दिवसासाठी आलं होतं. सासरे सुपडूआप्पा खताच्या गोणीची शिवलेली मोठी पिशवी स्वतः भरायचे. त्या पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. बट्ट्या, भाजून आणलेली वांगी, कांदे, मीठ-मिरचीची पुडी, आणि सगळ्यांत वर केळीची पानं, कारण ताटं न्यायची म्हणजे घासायची आली. निरंजन तेव्हा चौदा-पंधराचा होता. त्याचा आणि दिगंबरचा पिशवी कुणी उचलायची यावरून वाद व्हायचा, आणि दोघं शेवटी एकेक बंद धरून ती घाटाच्या पायऱ्या उतरवायचे. नदीच्या वाळूत टरबुजाचे वेल असत. आप्पा ओळखीच्या माणसाकडून टरबूज मागून आणत आणि पाण्यात गाडून थंड करत. त्या दिवशी पुरुषमाणसं आधी जेवायला बसली. नव्या नवरीनं किती वेळ थांबायचं हे मालतीला ठाऊक नव्हतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तेव्हा सोजरबाई तिला भांडी धुवायला म्हणून मोठ्या खडकामागं घेऊन गेल्या, पदराखालून तुपात बुडवलेली बट्टी काढली आणि म्हणाल्या, खाऊन घे, मी उभी राहते. ती खात असताना त्या खरंच तिच्याकडे पाठ करून, पदर पसरून उभ्या राहिल्या होत्या. मालतीच्या आईनं हे ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्या वर्षांत मालतीनं सासूची बाळंतपणातली सेवा घेतली होती आणि सासूच्या मोडलेल्या पायाची सेवा केली होती. भांडणंही झाली. पण ही बाई एक दिवस न सांगता बॅग भरेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती बाहेरच्या खोलीत गेली. दिगंबर लाल पेन घेऊन पेपर तपासत होता.

"तुमची आई परत येणार नाही," ती म्हणाली.

दिगंबरला आधी वाटलं, पाहुण्यांच्या घरी जाण्यावरून काही कुरबूर झाली असावी. बायका प्रवासाच्या दिवशी थोड्या चिडतातच. त्यानं मान वर न करता काय झालं ते विचारलं. मालतीनं एकेक वस्तू सांगितली. लुगडी सांगितली, गोळ्या सांगितल्या, पावडर सांगितली. तो तिच्याकडे बघत राहिला, पण त्याला अजून काळजी वाटली नव्हती. म्हातारी माणसं घाबरून जास्त सामान घेतात, असं तो म्हणणार होता. मग तिनं फ्रेमचं सांगितलं, आणि त्यानं पेनाचं टोपण लावलं.

मालती बोलत राहिली. तिला काय कमी पडलं, कुठं काय चुकलं, एवढं तरी विचारा. निरूभाऊजी सहा वर्षांत एकदा या दारात आले नाहीत, तरी मुलगा तो मुलगाच. तिचा आवाज चढला नव्हता. आवाज चढला असता तर दिगंबरला सोपं गेलं असतं. ती समजत होती तसं काही नव्हतं आणि तिचा त्यात काही दोष नव्हता, हे त्याला माहीत होतं. आई कशाला चालली आहे ते त्याला फ्रेमचं नाव ऐकताच कळलं होतं.

तो उठून मागं गेला. मालतीही त्याच्यामागून आली.

सोजरबाईंनी दोघांना येताना पाहिलं. लेकाच्या चालीवरून त्यांना समजलं की बॅग उघडली गेली. सुपात अजून मूठभर शेंगा होत्या. त्यांनी त्या सोलणं थांबवलं नाही.

"आई, किती दिवसांसाठी चाललीस?"

"समुद्र पाह्याले चालली."

"आप्पांचा फोटो घेऊन?"

त्यांनी दाणे सुपात टाकले आणि साल बाजूला केली. आज ना उद्या हे बोलावं लागणार होतं. गाडीत बसायच्या आधी बोलावं लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

"मी त्याले सांगणार हाये, दिगू."

"काही सांगायचं नाही," दिगंबर म्हणाला. मग मालतीकडे वळून त्यानं तिला आत जाऊन चहा ठेवायला सांगितलं.

"ती नही जाणार," सोजरबाई म्हणाल्या. "सहा वर्षं तिले बाहेरच ठेवलं आपण. बस मालती, इथं बस."

मालती ओट्याच्या कडेला बसली. आणि सोजरबाईंनी शेंगा सोलता सोलता तिला सांगितलं. अर्ध्याहून जास्त तिला माहीतच होतं. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात आप्पा गेले. संध्याकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. गाड्या बंद, रस्त्यांवर पोलीस. निरंजन सुरतेत अडकला. पाच माणसांत अंत्यविधी झाला. निरंजननं फोनवर रडत रडत दादाला एकच मागणं घातलं होतं. मी तोंड पाहू शकलो नाही, निदान अस्थी ठेव. मी येईन, दोघं मिळून राजघाटावर सोडू. दिगंबरनं हो म्हटलं होतं. आणि अकराव्या दिवशी त्यानं एकट्यानं जाऊन त्या सोडल्या. जूनमध्ये निरंजन आला तेव्हा सोडायला काही उरलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत उभं राहून त्यानं दादाला विचारलं होतं, तुला घाई कसली होती? दिगंबरनं उत्तर दिलं नव्हतं. निरंजन पाणी न पिता परत गेला होता.

हे सगळं मालतीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला माहीत नव्हतं ते अकराव्याच्या आधीच्या दोन दिवसांचं.

"याच्या तोंडून ऐकलं मी," सोजरबाई म्हणाल्या. "की तिथं मसणातल्या खोलीत अस्थीचे गाडगे ठेवले हायेत रांगेनं. चिठ्ठी लावून, नाव लिहून. कोनी न्यायलेच येत नव्हतं तेव्हा. माह्या डोक्यातून ते जाईना. तो माणूस जनमभर कोनाच्या दारात ताटकळला नही, आन् आता चिठ्ठी लावून रांगेत बसला. मी याले म्हणलं, सोडून दे. हा म्हणे, निरूले शब्द देला. मी म्हणलं, मी जेवणार नही. दोन दिवस जेवली नही मी. तू खिचडी आणे ताटात, मी गाईले टाकू."

मालतीला ती खिचडी आठवत होती. दुःखानं अन्न जात नाही असं तिला वाटलं होतं.

"आन् सोडून आल्यावर मीच म्हणलं, त्याले सांगू नको मी सांगतलं म्हणून. रोज संध्याकाळी त्याचा फोन ये. रडे. मले भेव वाटलं, की तो फोन बंद होईन. मग याच्यावर टाकलं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मोठा हाये, सहन करीन. असंच वाटलं मले."

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याची टाकी भरत होतं. मालती नवऱ्याकडे पाहत होती. या सहा वर्षांत दोनदा, कदाचित तीनदा, ती त्याला म्हणाली होती की थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं. तो गप्प राही, आणि तिला वाटे, चूक कळते आहे म्हणून गप्प आहे.

"मला तरी सांगायचं," ती म्हणाली.

"तू निरूला सांगितलं नसतंस?"

तिनं सांगितलं असतं. दुसऱ्याच दिवशी फोन लावला असता. तिनं मान खाली घातली.

दिगंबर आईसमोर उकिडवा बसला. तो शाळेत पोरांना समजावतो तसं हळू बोलू लागला. सहा वर्षं झाली, जखम भरत आली आहे. मुली बोलतात, आता आपण सगळे एका जागी बसून जेवूही कधीतरी. हे आता उकरून काय मिळणार?

"तो माझ्यावर रागावला तर त्याच्याजवळ आई तरी राहते," तो म्हणाला. "तुझ्यावर रागावला तर त्याला कोण राहिलं?"

"तू राहशीन," सोजरबाई म्हणाल्या.

दिगंबर उठला, अंगणातल्या नळाखाली हात धुतले आणि ओल्या हातांनीच बाहेरच्या खोलीत निघून गेला. पुन्हा पेपर उघडल्याचा आवाज आला नाही.

मालतीनं सूप आपल्याकडे ओढलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

"आत्याबाई, हे फोनवर नाही का सांगता येत?" तिनं विचारलं. सासूला ती पहिल्यापासून आत्याबाईच म्हणत होती. "तिकडं जाऊन दोन महिने राहायचं, ते कशाला?"

"फोनवर सांगतलं तर तो फोन ठेवून देईन. मग मी काय करू? तिथं असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तर द्यावाच लागीन मले. बोलो, न बोलो. चहा देईन, मंग दोन दिवसांनी जेवली का म्हणीन." त्यांनी हात झटकले. "मी सोडून चालली नही बाई. त्याचा राग उतरला की येते. आखाजीच्या आधी येते. आप्पाची घागर इथंच भरायची हाये."

अक्षय तृतीयेला अजून दोन महिने होते, मालतीनं मनात मोजलं. "आणि फोटो?"

"तो त्याच्या घरात नही. भांडून गेला, मागायचं राहून गेलं त्याचं. आपल्याजवळ दुसरा निघीन."

मालती उठली. सासूच्या खोलीत जाऊन तिनं निळी बॅग पलंगावर घेतली आणि पूर्ण उपसली. गोधडी तिनं राहू दिली. सुरतेत इतकी थंडी नसते, पण परक्या घरात आपलं पांघरूण असलेलं बरं. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर पेनानं मोठ्या अक्षरांत सकाळ, संध्याकाळ असं लिहिलं. फ्रेम दोन टॉवेलांत गुंडाळून मधोमध ठेवली, काच फुटू नये म्हणून. गुडघ्याला लावायचं तेल सासू विसरल्या होत्या, ते घातलं. चष्म्याचा जुना जोड घातला. एवढं करताना तिला रडू येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अश्विनी दारात येऊन उभी राहिली. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मालतीनं तिला सगळं सांगितलं, आता लपवायचं कुणासाठी. अश्विनी दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली की भूमिकाला ती आत्ता काही कळवणार नाही, आजीनंच सांगू दे.

स्टेशनवर दिगंबर आला. दोन्ही बॅगा त्यानंच उचलल्या. गाडी वेळेवर होती. फलाटावर सोजरबाई एकदाच म्हणाल्या, तूही चल, कपडे तिथं मिळतीन. दिगंबरनं पेपर सोमवारी द्यायचे आहेत असं सांगितलं आणि आईच्या पायांना हात लावला. खिडकीतून मालतीची हातातली पिशवी आत देताना तो तिला हळूच म्हणाला की आई सांगेल तेव्हा तिच्याजवळ बस. मालती म्हणाली, तुम्ही सांगायची गरज नव्हती.

शनिवारी घर फार मोठं वाटलं. दिगंबरनं सकाळी वरणभात लावला, दुपारपर्यंत चाळीस पेपर तपासले आणि नंतर त्याला एकाही उत्तरातली चूक दिसेनाशी झाली. मोबाइलवर फोटो येत होते. आजी भूमिकानं आणलेल्या खुर्चीत, मागं मळकट पाणी. आजी अश्विनी आणि भूमिकाचे हात धरून घोट्यापर्यंत पाण्यात, लुगडं वर खोचलेलं. निरंजनची बायको रंजिता आणि मालती भुट्टे खाताना. एका फोटोत निरंजन होता. पाठमोरा, पँट दुमडलेली. त्याचे केस मागून विरळ झाले होते. आप्पांचे असेच झाले होते. दिगंबरनं तो फोटो मोठा करून पाहिला.

साडेचारनंतर फोटो यायचे थांबले.

साडेपाचला त्यानं चहा ठेवला, आणि तो उतू गेला, कारण त्याच वेळी फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, निरू. सहा वर्षांत त्यानं ते कधी काढून टाकलं नव्हतं. त्यानं गॅस बंद केला आणि फोन कानाला लावला. पलीकडे वारा इतका होता की आधी काहीच ऐकू आलं नाही.

"दादा."

"बोल."

"मायनं सांगितलं."

"हं."

"तू काबरं नाही बोलला?" निरंजनचा आवाज घोगरा झाला होता. "रंजिताच्या भावाच्या लग्नात तू समोर आला होता. मी तोंड फिरवून निघून गेलो. सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना."

दिगंबरला ते लग्न आठवत होतं. त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला होता. पण ते आत्ता सांगण्यासारखं नव्हतं.

"आई कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"तिथंच. खुर्चीवर. मी निघून आलो. तिला काही बोललो नाही मी, पण तिथं बसवेना." पुन्हा वारा. "ती माझ्याशी रोज बोलत होती, दादा. सहा वर्षं रोज. जेवला का, झोपला का. आणि हे नाही बोलली."

"किती लांब आलास?"

"दिसतात सगळे. बारीक बारीक."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"वहिनी आहेत."

"निरू, परत जा तिच्याजवळ."

"काय बोलू जाऊन?"

"काही बोलू नको. नुसता जाऊन बस."

फोन बंद झाला की काय म्हणून दिगंबरनं पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढं सरकत होते.

"फोन ठेवू नको," निरंजन म्हणाला.

"नाही ठेवत."

पाय चिखलातून निघाल्याचा आवाज येऊ लागला, पहिल्यांदा सावकाश, मग एका लयीत. दिगंबर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं विचारलं, पाणी कसं आहे. निरंजन म्हणाला, पुरात आपली तापी असते ना, तसंच, अगदी तोच रंग. आईनं चव पाहिली का? पाहिली. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, एवढं चालत येऊन नदीले हे मिळालं का. दिगंबरला हसू आलं, आणि पलीकडे निरंजनही हसला असं त्याला वाटलं, पण तो खोकलाही असू शकेल. मग निरंजननं विचारलं की त्या अकराव्या दिवशी घाटावर आणखी कोण होतं.

"कुणी नव्हतं. मी एकटाच."

"पाणी होतं?"

"गुडघ्याइतकं. मधल्या धारेपर्यंत चालत गेलो."

"माझं नाव घेतलं होतं का?"

"घेतलं होतं," दिगंबर म्हणाला. "आधी तुझं घेतलं, मग माझं."

पायांचा आवाज चालूच होता. थोड्या वेळानं निरंजन म्हणाला, चप्पल रुतली. दिगंबर म्हणाला, हातात घे. मग वाऱ्यात मिसळलेले दुसरे आवाज यायला लागले, कुणाचं तरी पोर ओरडत होतं, घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती, अश्विनी कुणाला तरी हिंदीत काहीतरी सांगत होती. मालतीचा आवाज त्यानं ओळखला. ती म्हणत होती, आले बघा. आणि मग अगदी जवळून, त्याच्या स्वतःच्या कानात बोलल्यासारखी, आई.

"कोनाशी बोलून राह्यला?"

"दादाशी," निरंजन म्हणाला.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखी खरखर झाली. दिगंबर वाट पाहत राहिला. सतरंजी ओढल्याचा आवाज आला, मग एक मोठा श्वास.

"दादा," निरंजन फोनमध्ये म्हणाला, "मी बसलो."